हद्दीत जन्मलेले एकोणीस

४ जानेवारी

टिल्लू,

आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या वागण्यावर ठरत नाहीत. फोन बाजूला ठेवून कागद घेतलाय, कारण फोनवर तू नुसतं "हां आत्या, हां आत्या" करतोस आणि मागे तुझं टकटक टकटक चालूच असतं. कागदावर हां हां करता येत नाही. उत्तर हातानं लिही आणि पोस्टात टाक.

आता ऐक. आपल्या नगरपालिकेला नवीन खूळ लागलंय. बाहेरून आलेल्या लोकांसाठी म्हणे धोरण करायचं, "आपुलकी धोरण". दोन महिने झाले, कुठल्याशा संस्थेची माणसं गळ्यात हिरव्या फिती घालून गावभर हिंडतायत. त्यांच्यासोबत एका सल्लागार कंपनीची कोटवाली माणसं. धोरण पास झालं की वेशीवर "आदर्श स्वागत शहर" अशी पाटी लागणार, म्हणून अध्यक्षांचे पाय जमिनीवर नाहीत.

धोरण काय, तर वीटभट्टीमागच्या चाळीस खोल्यांमधल्या लोकांचं इथे नीट स्वागत होत नाही. म्हणून त्यांना उचलून सात किलोमीटरवर, जुन्या दगडखाणीपाशी "स्वागत वसाहती"त न्यायचं. म्हणजे "या, बसा" म्हणायचं आणि दंडाला धरून बाहेर काढायचं! मी त्या संस्थेच्या बाईंना म्हटलं, अहो, ही माणसं इथे पंचवीस-पंचवीस वर्षं आहेत, आता कसलं स्वागत? तर त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या भावना आम्ही नोंदवल्या आहेत." आणि खरंच वहीत काहीतरी लिहिलं.

मी कागद घेतलाय तो वेगळ्याच कारणानं. आमची शिवणवालीही त्या यादीत आहे. भट्टीवरच्या माणसांची पोर. ती मुठीएवढी होती तेव्हापासून मी तिला ओळखते. तीन वर्षं झाली, ती आणि तिचे आईबाप आपल्याच घरात राहतात. तुला माहीत नसणार, तू चार वर्षांत फिरकला आहेस कुठे! सकाळी तिचं मशीन खडखडलं की मी उठते. माझे गुडघे धरले की तीच चूल बघते, वर मलाच दटावते. ती गेली तर मी या घरात भिंतींशी बोलू का?

तू सल्लागार आहेस ना? मग दे सल्ला.

तुझी आत्या

११ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. हाताने लिहायला बसलो तर अक्षर डॉक्टरांसारखं येतंय, सांभाळून घे.

आधी एक सांगतो, रागावू नकोस. ती कोटवाली माणसं आमच्याच कंपनीची आहेत. पण तो विभाग वेगळा, मजला वेगळा, लिफ्टसुद्धा वेगळी. मी फक्त अधूनमधून शब्दरचना तपासून देतो. मी मूळचा तिथलाच असल्यामुळे लोक माझं मत विचारतात, एवढंच.

आत्या, तू हे फार मनाला लावून घेते आहेस. "स्थलांतर" या विषयाकडे आता जगभर सकारात्मक दृष्टीनं पाहिलं जातं. कुणाला हाकलायचं नाहीये. त्यांना एक सन्मानपूर्ण, नियोजित, समावेशक अवकाश द्यायचा आहे. (खाणीपाशी हवा चांगली असते.) पुढच्या आठवड्यात संस्था नागरिकांसाठी कार्यशाळा घेणार आहे. तू जा. मन मोकळं कर. तिथे तुझ्यासारख्या अनुभवी माणसांची गरज आहे.

गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा टिल्लू

१९ जानेवारी

टिल्लू,

गेले होते तुझ्या कार्यशाळेला. काय सांगू!

नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या गोल मांडलेल्या. आम्ही तीस-पस्तीस माणसं. संस्थेचा एक उंच माणूस, त्याच्या हातात लोकरीचा हा एवढा गुंडा. म्हणे, लोकरीचं टोक आपण धरून ठेवायचं, गुंडा समोरच्याकडे फेकायचा आणि एक छान शब्द बोलायचा. असं करत करत आपुलकीचं जाळं विणलं जातं. पहिला गुंडा अध्यक्षांकडे. त्यांनी "विकास" म्हटलं आणि इतक्या जोरात फेकला की तो वरच्या पंख्यात गेला. पंखा चालू! त्यानं लोकर ओढायला सुरुवात केली. अध्यक्ष टोक सोडेनात, कारण उंच माणूस ओरडत होता, "धागा सोडू नका, विश्वास ठेवा!" अध्यक्ष खुर्चीसकट दोन हात पुढे सरकले, आरोग्य सभापतींचा चष्मा वर गेला, तो अजून वरच आहे. शेवटी शिपायानं बटण बंद केलं. त्या संस्थेच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "आपण सगळे किती जोडलेले आहोत!" जोडलेले होतोच, कात्री आणेपर्यंत कुणाला हलता आलं नाही.

कात्री आणली शिवणवालीनं. तिला निमंत्रण नव्हतं. ज्यांचं स्वागत करायचं त्यांना बोलवायचं राहून गेलं होतं, असं बाई म्हणाल्या. तिनं सगळ्यांना सोडवलं, एवढी लोकर वाया कशाला म्हणून पिशवीत भरली आणि गेली.

आता मुद्द्याचं. तिथेच धोरण पास झाल्याचं जाहीर करून त्याच्या प्रती वाटल्या. मी घरी येऊन भिंग लावून वाचलं. कलम चार, "बाहेरून आलेली व्यक्ती म्हणजे जिचा जन्म नगरपालिकेच्या हद्दीत झाल्याची नोंद नाही अशी कोणतीही व्यक्ती, मग ती कोणीही असो."

मग ती कोणीही असो! टिल्लू, मी तुला ओळखत नाही का? सात वर्षांचा असताना अंगणातल्या झोपाळ्याला तू पाटी लावली होतीस. "चार फुटांखालील कोणीही बसू नये, मग तो कोणीही असो." आणि तू स्वतः साडेतीन फुटांचा. दोन दिवस झोपाळ्याखाली बसून रडलास, पण नियम बदलेनास.

कलम चार तू लिहिलंयस. लिफ्ट वेगळी म्हणे. लाज नाही वाटत?

आत्या

२७ जानेवारी

प्रिय आत्या,

हो. मीच लिहिलंय. आख्खं धोरणच मी लिहिलंय, या टेबलावर, दोन आठवड्यांत. संस्थेनं भावना दिल्या आणि मी कलमं केली. तुला सांगायला जीभ उचलली नाही. माझी चूक आहे.

पण आत्या, त्यात कुणाबद्दल आकस नव्हता ग. साहेब म्हणाले, व्याख्या अशी हवी की मोजता आली पाहिजे. कोण कधी आलं, का आलं, यावर वाद होतात. जन्माच्या नोंदीवर वाद होत नाही. मला वाटलं किती स्वच्छ काम झालं!

तुझ्या शिवणवालीसाठी मार्ग आहे. कलम नऊ वाच. ते संस्थेनं आग्रहानं घालून घेतलंय. बाहेरून आलेल्या व्यक्तीला एखादा स्थानिक माणूस "पालक-नागरिक" म्हणून सही देत असेल, तर तिला वसाहतीत जावं लागत नाही. अट एकच, पालक-नागरिकानं तिला आठवड्यातून एकदा घरी चहाला बोलवायचं. तू तर तिला रोज चहा देतेस. उद्याच नगरपालिकेत जा, अर्ज भर, सही कर. दहा मिनिटांचं काम. प्रश्न मिटला.

आता तरी रागावू नकोस.

टिल्लू

२० फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं दहा मिनिटांचं काम करायला गेले. त्याला आता तीन आठवडे होतील आणि गाव डोक्यावर घेतलं गेलंय. बस, खुर्ची घे.

आवक-जावक कारकुनाकडे अर्ज दिला. तुला आठवत असेल, चष्म्याला दोरी, खिशाला तीन पेनं. भला माणूस, पण नियमापुढे सख्ख्या भावाला ओळखायचा नाही. त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "पालक-नागरिकाचा जन्म कुठला?" मी म्हटलं, "अरे, चौतीस वर्षं मी या नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होते, तुझ्या दोन्ही मुलांना लस मीच टोचली!" तो म्हणाला, "ते खरं, पण जन्म?"

माझा जन्म पुलापलीकडचा. पलीकडच्या गावच्या प्रसूतिगृहातला.

"मग तुम्ही बाहेरच्या," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला, पण म्हणाला.

मला राग यायच्या आत हसूच आलं. मी विचारलं, "आणि तुझा जन्म?" त्यानं पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, परत घातला. त्याचाही पलीकडचा! अरे, आपल्या गावात बाळंतपणाची खाट कधी होती? सगळं गाव पूल ओलांडून पलीकडे जन्माला आलं आणि सातव्या दिवशी फडक्यात गुंडाळून इकडे आलं. त्याआधीची माणसं घरी जन्मली असतील, पण ते दप्तर वाळवीनं खाल्लंय.

दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. हा जन्मनोंदीची वही घेऊन बसला आणि दोन दिवस पानं उलटली. नगरपालिकेच्या हद्दीत जन्मलेल्यांच्या नोंदी निघाल्या एकतीस. एकतीसच्या एकतीस माझ्या अक्षरात, आणि कलम चार वाचताना मला त्या आठवल्याही नव्हत्या.

भट्टीवरची मुलं, टिल्लू. त्यांच्या आयांना कळा लागल्या की पलीकडच्या प्रसूतिगृहाचा फाटकवाला पत्त्याचा कागद मागायचा. कागद कुठला असायला? मग मला बोलावणं यायचं. विटांच्या आडोशाला, ताडपत्रीखाली, एकेक मूल मी या हातांनी बाहेर काढलंय आणि नाळ कापून हात धुतले की पहिलं काम, नगरपालिकेत जाऊन नोंद. कुणाचं म्हणणं राहायला नको की मूल जन्मलंच नाही. पहिली नोंद शिवणवालीची आहे, सव्वीस वर्षांपूर्वीची. एकतिसातले बारा जण कामासाठी दुसरीकडे गेले. गावात आज एकोणीस आहेत.

म्हणजे तुझ्या कलम चारप्रमाणे या गावात स्थानिक माणसं एकोणीस. बाकी अकरा हजार चारशे जण बाहेरचे. भट्टीवरची म्हातारी माणसंही त्यातच, पण त्यांच्यासाठी पालक-नागरिकाच्या सह्या पोरांनी पहिल्याच दिवशी करून टाकल्या.

कारकुनानं सगळ्यांना नोटिसा काढल्या. "आपले मनःपूर्वक स्वागत आहे. तरी तीस दिवसांत स्वागत वसाहतीत हजर व्हावे." अध्यक्षांना एक, अध्यक्षांच्या सासूबाईंना एक. स्वतःला एक काढली, जावक रजिस्टरात चढवली, उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला, सही करून घेतली आणि आवक रजिस्टरात चढवली.

तू म्हणशील मी त्याला भरीस घातलं. मी फक्त एवढंच म्हटलं होतं, "कलमात 'मग ती कोणीही असो' असं लिहिलंय, हो ना?"

आत्या

२५ फेब्रुवारी

आत्या,

घाईत लिहितोय. इथे धावपळ उडालीय. तुमच्या अध्यक्षांचे साहेबांना दिवसाला चौदा फोन येतायत. मी दुरुस्ती लिहिली, पण संस्था ऐकत नाही. त्यांनी वरती कळवून टाकलंय की एकाच गावात अकरा हजार चारशे स्थलांतरितांचं स्वागत झालं, आजवर कुणाचंच एवढं झालं नव्हतं. आता तो आकडा खाली आणायला त्या बाई तयार नाहीत. त्यांनी अध्यक्षांना पत्र पाठवलंय, "गाव सोडून येण्याच्या तुमच्या धैर्याला सलाम."

साहेब म्हणतात, दुरुस्ती आता एखाद्या स्थानिक माणसानं सुचवली तरच घेता येईल. कलम बारा. तेही माझंच. पण मी आहे ना! मी तिथला आहे, अहवालाच्या पहिल्या पानावर तसं छापलंय. माझी जन्माची नोंद त्या वहीत नसली तरी कुठेतरी असेल, शोधून दे. लवकर.

टिल्लू

८ मार्च

टिल्लू बाळा,

पाणी पी आणि मग पुढे वाच.

तुझ्या आईला कळा लागल्या तेव्हा मी तिला घेऊन रिक्षानं पलीकडे निघाले होते. तू थांबायला तयार नव्हतास. पुलाच्या मधोमध रिक्षा थांबवली आणि तिथेच तू झालास. हे मी कारकुनाला सांगितलं. त्याला आशा वाटली, जन्म हद्दीत असेल तर नोंद उशिरानंही करता येते म्हणे. तो टेप घेऊन माझ्याबरोबर पुलावर आला. हद्दीचा दगड पुलाच्या मध्यावर आहे. रिक्षा कठड्याच्या कुठल्या खांबाशी थांबली होती ते मला पक्कं आठवतं, कारण रिक्षावाला तो खांब धरून घेरी येऊन खाली बसला होता. कारकुनानं मोजलं, परत मोजलं. तू चार फूट पलीकडे जन्मलास.

चार फूट, टिल्लू. झोपाळ्याची आठवण झाली आणि मी पुलावर उभी राहून इतकी हसले की कारकुनानं मला कठड्यापासून मागे ओढलं. तू बाहेरचा आहेस. पहिल्या पानावरचं ते खोडून टाक.

आता इकडची गंमत. पहिले दोन-चार दिवस लोक चिडले. मग मुदत जवळ यायला लागली आणि एकेकजण अर्ज घेऊन शिवणवालीच्या खिडकीशी यायला लागला. एकोणिसांत मोठी तीच, बाकीचे म्हणतात ताई म्हणेल तसं. रांग आपल्या फाटकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत! ती पायानं मशीन चालवते, मान वर न करता विचारते, "नाव? काम काय करता? किती वर्षं झाली इथे?" जे त्यांना आयुष्यभर विचारलं गेलं तेच, त्याच क्रमानं. पण सही सगळ्यांना देते. माझा अर्ज तिनं सगळ्यात आधी भरला. सही करायला तिनं मशीन थांबवलं आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या नावाची नोंद मी केली होती, आता माझ्या नावाची तिनं केली.

अध्यक्ष गुरुवारी आले, रांगेत उभे राहून. तिनं सही दिली आणि म्हणाली, "साहेब, कलम नऊप्रमाणे चहाला यावं लागेल. आठवड्यातून एकदा. माझा काका भट्टीमागे राहतो, तिथे या, इथे जागा नाही." गेले बिचारे. पाट म्हणून विटा मांडल्या होत्या, त्यावर बसले. चहाला वेळ लागला, कारण नळाला पाणी नव्हतं. नळ दोन वर्षं कोरडा आहे, अर्ज नगरपालिकेतच पडलाय. अध्यक्षांनी पाऊण तास पाण्याची वाट बघितली. शेवटी काकू लांबच्या हौदावरून कळशी घेऊन आली, तेव्हा हे उठून उभे राहिले आणि कळशी घ्यायला पुढे झाले. काकूनं दिली नाही. म्हणाली, "असू द्या, तुम्ही बाहेरून आलेले."

परवा विशेष सभा झाली. दुरुस्तीचा ठराव शिवणवालीनं मांडला, कारण दुसऱ्या कुणाला मांडताच येत नव्हता. दुरुस्ती एकाच ओळीची, आपुलकी धोरण आख्खं रद्द. वसाहत रद्द. कुणी कुठे जायचं नाही. सगळे हात वर. कारकुनानं ठराव लिहिताना पहिल्यांदाच शाई सांडली. नळ सोमवारी दुरुस्त होतोय.

तुझी नोकरी राहील ना? मला त्याची काळजी लागून राहिलीय. जेवतोस ना वेळेवर?

आत्या

१५ मार्च

श्रीमती शिवणवाली यांस,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी आत्याचा भाचा. ते धोरण मी लिहिलं. आपल्याला आणि आपल्या माणसांना जो त्रास झाला त्याची माफी मागतो. नुसती शब्दरचना म्हणून नाही, खरोखर मागतो.

धोरण रद्द झालं असलं तरी मी बाहेरचा आहे हे आता मोजून सिद्ध झालंय. तेव्हा सोबत पालक-नागरिकाचा अर्ज भरून पाठवत आहे. मला चार दिवस आत्याकडे राहायला यायचं आहे. जन्म, हद्दीबाहेर चार फूट. काम, सध्या नाही, कालच सोडलं. आत्याला अजून सांगितलेलं नाही, कृपया आपणही सांगू नये. आपली सही मिळाली तर उपकार होतील.

आपला,
टिल्लू (अर्जात पूर्ण नाव आहे)

२२ मार्च

भाऊ,

नमस्कार. अर्ज पोचला. सही केली आहे. कारकूनकाकांनी रद्द झालेल्या धोरणाचा अर्ज आवकला घ्यायला नकार दिला, म्हणून मी तो मशीनच्या खणात ठेवलाय.

तुमची माफी पोचली. आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, पोराला म्हणावं आधी जेवायला ये.

तुम्हाला एक सांगायचं आहे, जे मी आत्यांनाही सांगितलं नाही. नगरपालिकेनं तुमच्या अहवालाच्या उरलेल्या प्रती रद्दीत काढल्या. कागद जाड आणि मोठा आहे, कापडाचे बेत, म्हणजे मापाचे नमुने, कापायला चांगला पडतो, म्हणून मी गठ्ठा आणला. परवा बाहीचा बेत कापताना पान सत्तावीस हाताशी आलं. त्यावर यादी होती. "घर क्रमांक ४१७, खोली क्रमांक तीन, तातडीने रिकामी करावी." घरांचे नंबर नवे पडलेत, तुमच्या लक्षात आलं नसणार. ते आत्यांचं घर आहे. खोली तीन म्हणजे मागच्या अंगणाकडची, झोपाळ्यासमोरची. तुमचीच.

मी तीन वर्षं त्या खोलीत राहते. दाराच्या चौकटीवर तुमच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, साडेतीन फुटांपासून वरपर्यंत. दोनदा भिंतींना रंग दिला, पण चौकटीला हात लावू दिला नाही. आत्या रोज तिथे टेकून उभ्या राहतात आणि माझं मशीन बघतायत असं दाखवतात.

पान सत्तावीसची मी बाही कापून टाकली. तुमच्याच स्वेटरची आहे, मापाला कागद लागतो. लोकर त्या दिवशीची, पंख्यातून काढलेली. उंची मी चौकटीवरच्या शेवटच्या रेघेवरून घेतली, पण ती जुनी आहे, तेव्हा आल्यावर एकदा चौकटीला पाठ लावून उभे राहा.

या. खोली रिकामी करावी लागणार नाही, आम्ही मशीन थोडं खिडकीकडे सरकवतो. आणि येताना लोकर आणू नका, अजून दोन गुंडे शिल्लक आहेत.

शिवणवाली